पोट आभाळाकडे

१

अक्षर वाकडं आलंय, त्याला हसू नका. डावा हात मोकळा नाही, त्यामुळे कागद दाबून धरता येत नाही, सरकतो. एरवी माझं अक्षर चांगलं आहे. चाळिशी उलटल्यावर शिकले, आणि कुणी शिकवलं म्हणून नाही. मुलुंडच्या ज्या गाळ्यात मी झाडू मारायची, तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून यायच्या. ते कागद घरी न्यायचे आणि मोठ्या अक्षरांपासून लहान अक्षरांकडे यायचे. एक वर्ष लागलं. दुसऱ्या वर्षी मी पट्ट्या कापायचा हॅक्सॉ हातात घेतला.

त्या गाळ्याचे मिस्त्री मार्तंड. म्हणाले, "सुंदराबाई, झाडू धर. खिडक्या बनवणं हे बायकांचं काम नाही."

मी म्हटलं, "मिस्त्री, तुमची कालची खिडकी गुण्यात नाही, कोपरा काटकोनात बसत नाही. दोन सूत बाहेर गेलीय. झाडणारीला दिसतं ते तुम्हाला दिसत नाही, तर झाडू तुम्ही घ्या."

आठ सुतांचा एक इंच. दोन सूत म्हणजे काहीच नाही, असं लोकांना वाटतं. आमच्या धंद्यात दोन सुतांत दार अडकतं.

त्याच मार्तंडांनी पुढे मला एक गोष्ट शिकवली. तेवढी एकच, बाकी सगळं मी पाहून उचललं. लांब पट्टी कधीच सरळ नसते. कुठल्या तरी एका बाजूला ती जराशी फुगलेली असते. त्या फुगवट्याला आम्ही पोट म्हणतो. बसवताना पोट आभाळाकडे ठेवायचं. वजन आलं की पट्टी खाली बसते आणि डोळ्याला सरळ दिसते. आणि वाकलेली पट्टी टाकायची नाही. पोट वर करून दुसऱ्या कामात घालायची, वजनच तिला सरळ करतं.

हे शेवटचं मी नको तितकं मनावर घेतलं. ते कसं, ते लिहिते. दार तोडून जो कोणी आत येईल त्याने आधी हे वाचावं, मग पट्ट्यांना हात लावावा.

२

गिरणी बंद पडली तेव्हा आमचे हे, धोंडिराम, पंचावन्न वर्षांचे होते. पहिलं वर्ष रोज सकाळी डबा मागायचे. दुसऱ्या वर्षी मागायचे बंद झाले. मग खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. बोलणं नाही, हूं नाही की चूं नाही. चार घास तोंडात घातले तर गिळायचे. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही, माणसाने हाय खाल्लीय.

मी रागवायची. "अहो, चाळीतल्या अर्ध्या माणसांची गिरणी गेलीय. त्यांनी काय भिंती चाटल्या?" मग बाहेर नळावर जाऊन रडायची. तेही कुणी बघत नसेल तेव्हाच.

आमचा मुलगा भीमराज शूटिंगचे सेट ठोकायच्या कामाला आहे. पंच्याऐंशी सालच्या दिवाळीआधी तो टेम्पोतून एक काचेची टाकी घेऊन आला. मढच्या कुठल्या बंगल्यात शूटिंग होतं, त्यात ती दिवाणखान्यात ठेवली होती. शूटिंग संपलं, बंगलेवाला म्हणाला ही इथून घेऊन जा, आत्ताच्या आत्ता घेऊन जा. चार फूट लांब, जाड काच, खाली लोखंडी अँगलचं स्टँड.

शेजारची सुलक्षणा दारात उभी राहून म्हणाली, "गो सुंदराबाय, पाण्याक सकाळी चारला उठतंव आपण, आणि तू माश्यांका आंघोळ घालतलंस?" ती कणकवलीकडची. तिचं तोंड बंद करायचं तर तिलाच आत घ्यावं लागतं. तिनेच मग चार हंडे पाणी ओतायला मदत केली. भीमराजने घाटकोपरहून पाच सोनेरी मासे आणले.

मासे पाण्यात सोडले आणि खाटेवरून आवाज आला, "किती आहेत?"

दोन वर्षांनी. माझ्या हातातून हंडा पडला.

"पाच," मी म्हटलं.

"मला नीट दिसत नाही," ते म्हणाले. "सुंदरा, जरा उजेड कर."

३

त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. अंधुक दिसायचं. पण तोंड भिंतीकडून टाकीकडे वळलं होतं, आणि ते पुन्हा वळू नये म्हणून मी सूर्यही आणून टांगला असता.

छताला काही टांगायची सोय नव्हती, वर पत्रा. म्हणून टाकीवरच मांडणी उभी करायचं ठरवलं. चार कोपऱ्यांना चार पाय, खाली स्टँडच्या अँगलला बोल्टने आवळलेले. वर दोन आडवे तुकडे, आणि त्या दोघांच्या मधोमध टाकीच्या लांबीइतकी एक मुख्य पट्टी. त्या पट्टीला खालून चार ट्यूब. चार ट्यूबना चार चोक. चोक म्हणजे लोखंडाचा आणि तांब्याचा गोळा, चांगला जड. पट्टीच्या दोन्ही टोकांना चार-चार रिव्हेट मारले. मांडणी हलवून पाहिली. स्टँड हललं, टाकीतलं पाणी हललं, मांडणी नाही. माझं काम आहे ते.

मुख्य पट्टीचं पोट अर्थातच वर ठेवलं होतं. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून पाहिला. रिकामी असताना एक सूत वर. ट्यूब, चोक टांगल्यावर दोरा आणि पट्टी एक झाली. बरोबर.

संध्याकाळी बटण दाबलं. खोली अशी उजळली की सुलक्षणा पदर डोळ्यांवर धरून आली. "माय गे, लग्न कोणाचा?"

हे खाटेवर उठून बसले. टाकीकडे बघत बोट हलवत राहिले. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

"पाच, हो," मी म्हटलं.

"सहा," ते म्हणाले, आणि हसले.

अंधुक डोळ्याला एकाचे दोन दिसतात. मी त्यात खोड काढली नाही. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने भाकरी मोडली.

४

मांडणी उभी केली त्याच्या चौथ्या दिवशी सकाळी माशांना खायला घालताना पट्टीवर नजर गेली आणि मनाला खटकलं. डोळा चुकतो, म्हणून दोरा ताणला.

पट्टी वर होती. मधोमध तीन सूत.

पहिल्यांदा मी स्वतःवरच खूश झाले. म्हटलं, पोट वर ठेवलं होतं ना, तेच दिसतंय. स्टोव्हवर चहा ठेवला. चहा उकळला तेव्हा अक्कल आली. रिकामी असताना एक सूत होतं. वजन टांगल्यावर शून्य. आता वजन तेवढंच, आणि तीन?

वजनाने पट्टी खाली येते. वर जात नाही. हे सांगायला मार्तंड मिस्त्री लागत नाहीत, पाळण्यातल्या पोरालाही कळतं.

आम्ही विहारात जाणारी माणसं. भगत, उतारा, लिंबू-मिरची आमच्या घरात चालत नाही. कशालाही कारण असतं, आणि ते शोधायचा आळस करणाऱ्याला भुतं दिसतात. मी कारण शोधलं. पट्टी पातळ होती. मी ती काढली, तिच्या जागी दीड इंचाची जाड पट्टी घातली.

जुनी पट्टी हातात धरून उभी होते. चांगला माल टाकवेना. यांच्या खाटेची कमरेखालची लाकडी फळी महिनाभर मोडलेली होती. पट्टीचा एक फूट कापला, पोट वर करून खाटेत बसवली. म्हटलं, यांचं वजन आलं की सरळ होईल.

त्या रात्री हे शांत झोपले.

५

जाड पट्टी सहा दिवसांत पाच सूत वर आली.

आता मला आवाजही येऊ लागला होता. दुपारी, नळ गेलेला असतो, मुलं शाळेत असतात, तेव्हा: टक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक. रिव्हेटवर ताण आला की असा आवाज येतो. पट्टीजवळ कोणी नव्हतं. मासे टाकीच्या दोन टोकांना, तीन इकडे, दोन तिकडे, आणि मधली जागा रिकामी. मध्यावर कधी एकही मासा आलेला मी पाहिला नाही.

मी म्हटलं, उष्णता. चार ट्यूब, चार चोक, तापणारच. अ‍ॅल्युमिनियम तापलं की लांबतं, टोकं आवळलेली असली की जागा मिळेल तिकडे फुगतं. झकास कारण होतं. पट्टीच्या टोकांची भोकं लांबट केली, लांबायला वाव दिला. आणि खात्री करायची म्हणून दोन दिवस ट्यूबच लावल्या नाहीत.

पहिल्या दिवशी दुपारी यांनी विचारलं, "वीज गेलीय?"

"हो."

"सुलक्षणाकडे रेडिओ चालू आहे."

संध्याकाळी ताट पुढे केलं तर त्यांचं तोंड भिंतीकडे वळलेलं. पाठ तशीच, मणके मोजून घ्यावेत अशी. मी हाक मारली, हलवलं, रागावले, पाया पडले. दुसऱ्या दिवशी ओठांतून पाणी बाहेर यायला लागलं.

धावत जाऊन बटण दाबलं. पांढरा उजेड पडला तसं त्यांनी मान वळवली. "हां," म्हणाले. "सहा."

मग मी पट्टीकडे पाहिलं. दोन दिवस थंडगार असलेली पट्टी. दोरा ताणायची गरजच नव्हती. एक इंच.

ती काढली आणि दोन पट्ट्या पाठीला पाठ लावून, मधे रिव्हेट मारून, अशी एक जोडपट्टी घातली. काढलेली जाड पट्टी कुठे गेली असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल. खाटेत, पाठीखाली. पोट आभाळाकडे.

६

जोडपट्टीही वाकली तेव्हा तीही काढली. त्या जागी लोखंडी अँगल घातला. जोडपट्टीतली एक पट्टी खाटेत खांद्यांखाली गेली. दुसरी टॉवेलात गुंडाळून मी मार्तंड मिस्त्रींच्या गाळ्यावर गेले. त्यांचं काम सोडल्यापासून सात वर्षांत मी त्यांच्या पायरीवर चढले नव्हते. चढले.

"ये मिस्त्रीण," ते म्हणाले. "खिडकी गुण्यात आहे का बघायला आलीस?"

"टोमणे नंतर मारा. ही बघा."

त्यांनी पट्टी डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला. मग उताणी केली. मग पालथी. अंगठा फिरवत फिरवत मध्यावर आणला आणि थांबले.

"कशावर घातली होती?"

"माशांच्या टाकीवर. खाली चार चोक टांगले होते."

"मग ही खाली वाकायला पाहिजे."

"ते मला कळतं हो! म्हणून तर आले."

"बाई, यावर कोणी जॅक लावला होता का? खालून?"

"पाण्यात कुठला जॅक?"

मशीनवरच्या माणसाला त्यांनी हाताने थांबवलं. गाळ्यात एकदम शांत झालं. पट्टीची खालची बाजू त्यांनी माझ्यापुढे केली. तिथे मध्यावर धातू झिजला होता. पॉलिश केल्यासारखा, बोटभर रुंदीत चकाकत होता. लोखंडाने खरवडलं तर चरे पडतात. इथे एक चरा नव्हता. पायरीचा दगड माणसांच्या पायांनी झिजतो ना, तसं मऊ झिजलेलं.

"ही वर्षानुवर्षं हाताळलेली पट्टी आहे," मार्तंड म्हणाले.

"नवी आहे. बारा दिवसांपूर्वी तुमच्याच शेजारच्या दुकानातून घेतली."

त्यांनी ती टॉवेलात परत गुंडाळली. नीट, चारही टोकं आत घालून, तान्ह्या मुलाला गुंडाळावं तशी. "टाकी रिकामी करा, सुंदराबाई," ते म्हणाले. "आणि ही इथे ठेवू नका. घेऊन जा."

मला त्यांनी पहिल्यांदाच अहो-जाहो केलं होतं. त्याचा आनंद व्हायला हवा होता.

७

गुरुवारी सुलक्षणा यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. "चला भावोजी, तुमका चष्मो घालून शायनिंग मारूक नेतंय," म्हणत हाताला धरून. दोघं वळणावरून दिसेनाशी झाली तशी मी दाराला कडी घातली आणि टाकीत रबरी नळी सोडली.

भर दुपार. दारातून ऊन आत आलेलं. ट्यूबही लावून ठेवल्या, मला सगळं दिसायला हवं होतं. मासे काढून बादलीत टाकले. पाच. दोनदा मोजले, तिसऱ्यांदा बोट लावून मोजले. पाच.

पाणी उतरत गेलं. तळाशी वाळू, आणि थोडी घाण. एवढंच. मी वाळू उपसली. काचेवरून आतून ओलं फडकं फिरवलं. काहीही नव्हतं.

लोखंडी अँगलला दोरा लावला. सरळ.

मी खाली बसले आणि हसायला लागले. म्हटलं, सुंदरा, म्हातारी झालीस. वाफ, गंज, रसायन, काहीतरी असेल पाण्यात, अडाण्याला कळत नाही ते. मला एकच भीती उरली होती. हे आले आणि टाकी रिकामी दिसली की तोंड भिंतीकडे.

ते आले. सुलक्षणेचा हात सोडून खाटेवर बसले. टाकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"टाकी रिकामी केली हो मी," मी घाबरत सांगितलं. "मासे बादलीत आहेत. पाच."

"पाच," ते म्हणाले. "बरोबर. पाचच आहेत तिथे."

आणि भूक लागलीय म्हणाले.

८

पुढचे पंधरा दिवस माझ्या संसारातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी लिहून ठेवते. हे बोलायचे. गिरणीतल्या गमती सांगायचे. सुलक्षणेची नक्कल करायचे, तिच्या तोंडावर, आणि ती उलटं सुनवायची. "भावोजी बोलूक लागले, आता सुंदराबायची वाट लागली!" गाल भरले. झोप तर अशी की मी नाकाजवळ हात धरून बघायची.

"पाठ दुखत नाही का हो, दिवसभर पडून?"

"नाही गं. उलट कुणीतरी पाठीला हात दिल्यासारखं वाटतं."

डोळ्यांचं मात्र दवाखान्यात काही होण्यासारखं नव्हतं. म्हणाले, उजेड कर, सुंदरा, इथे माझ्यावर. रिकाम्या टाकीवरची मांडणी मी सोडवली. पाय लांब केले, खाटेच्या चारी पायांना बोल्टने आवळली. लोखंडी अँगल यांच्या अंगावर नको म्हणून नवी पट्टी घातली, अ‍ॅल्युमिनियमची, माझ्याकडची सगळ्यात जाड. छातीपासून हातभर वर. चार ट्यूब, चार चोक. दोन्ही टोकांना चार-चार रिव्हेट.

सोमवारी सकाळी झाडताना खाटेखाली वाकले.

मी बसवलेल्या तीन पट्ट्या खालून दिसत होत्या. कमरेची, पाठीची, खांद्यांची. हे वर झोपलेले. अंगाने आता भरलेले, सत्तर किलोचा माणूस. त्या वजनाखाली तिन्ही पट्ट्या सरळ व्हायला हव्या होत्या.

तिन्ही वर फुगल्या होत्या. गादीत घुसल्या होत्या.

"अहो, उठा. उठा बघू जरा."

त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि पुन्हा खाली वाकले. तिन्ही सरळ. दोरा लावला. सूत न् सूत सरळ.

वजन असताना वर. वजन नसताना सपाट.

मी तिथेच फरशीवर गुडघ्यांवर होते. पट्ट्यांच्या खालच्या बाजूला धूसर डाग होते. आरशावर श्वास सोडला की वाफ धरते तसे. बघता बघता कडांकडून आक्रसत, सुकत चालले होते. त्यांचा आकार मी पाहिला. त्याला बोटं होती की नव्हती, हे मला कुणी विचारू नका. सुकायच्या आत त्यातला एक डाग सरकला.

मी यांना त्या खाटेवर परत जाऊ दिलं नाही. खाली चटई घातली. उचकटण घेऊन पट्ट्या काढायला गेले आणि चटईवरून घरघर ऐकू आली. तोंड भिंतीकडे. डोळे उघडे. हात बर्फ. डॉक्टर आले, सुई दिली, म्हणाले वय झालं, मुलाला बोलावून घ्या. दिवस मावळेपर्यंत मी त्यांच्या तळव्यांना तेल चोळत बसले. श्वास मोजत होते. एका श्वासानंतर दुसरा यायला इतका वेळ लागला की मी ओरडले.

मग मी काय केलं असेल? तुम्ही काय केलं असतं? सुलक्षणेला हाक मारली, दोघींनी उचलून त्यांना खाटेवर ठेवलं.

खालून पट्ट्या करकरल्या. त्यांच्या गालावर रंग आला. "आलो," ते म्हणाले. मला नाही म्हणाले.

९

हे सगळं कालपर्यंतचं. आज सकाळी टक असा आवाज झाला आणि छातीवरच्या पट्टीच्या डाव्या टोकाचा एक रिव्हेट उडून पत्र्याला लागला. यांच्यात आणि पट्टीत हातभर मोकळी जागा आहे. त्या जागेत काही नाही, पांढरा उजेड आहे. पट्टी मधोमध वर उचललेली आहे.

मी पट्टीवर डावा तळवा ठेवला, अंगाचा भार दिला. ती खाली आली. भार काढला, वर गेली. टक. दुसरा रिव्हेट.

तेव्हापासून हात काढलेला नाही. ही पट्टी सुटली की हा माणूस राहणार नाही, हे मला कुणी सांगितलेलं नाही. पण चाळीस वर्षं ज्या हाताने भाकरी थापल्या आणि पंधरा वर्षं पट्ट्या कापल्या, त्या हाताला समजतं. खालून येणारा जोर दांडगाईचा नाही. चिकाटीचा आहे. मी दाबते तेवढाच दाबतो. मी थकले की थोडा जास्त.

कडी आतून आहे. सुलक्षणा मघाशी दार ठोठावून गेली. मी आतूनच सांगितलं, "भीमराजला फोन लाव. मढला आहे. पहार घेऊन ये म्हणावं."

"पहार कित्याक गो? काय झाला? दार उघड आधी!"

"दार उघडायला हात नाही मला! जा!"

माझा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. चपला न घालताच पळाली.

भीमराज, तू आधी आलास तर नीट वाच. तूही माझ्यासारखाच, खिळासुद्धा फेकत नाहीस. या पट्ट्या काढल्यास तर सरळ करून ठेवू नकोस. पोट वर करून कुठल्या सेटात, कुठल्या खिडकीत, कुठल्या पोराच्या पाळण्यात घालू नकोस. भंगारवाल्यालाही देऊ नकोस. तो वितळवेल, त्याची पुन्हा पट्टी होईल, ती कुणीतरी पुन्हा बसवील. मार्तंडांना दाखवलेली टॉवेलातली पट्टी मोरीच्या मागे आहे, तिलाही हात लावू नकोस. काय करायचं ते मला सुचलेलं नाही. मला न सुचलेली ही पहिलीच गोष्ट.

कारखान्याचा तीनचा भोंगा झाला. आठांतले तीन रिव्हेट राहिलेत. खांदा बधिर झालाय.

हे जागे आहेत. चेहरा शांत, लग्नातल्यासारखा तजेलदार. दोन्ही हात चादरीवर, छातीच्या दोन बाजूंना. मला दोन्ही दिसतात. मी सारखी बघते आहे.

"सुंदरा," ते म्हणाले, "हात काढ. दमलीस."

"नाही काढणार."

"बरं. मग मोजू दे."

"काय मोजू दे?"

त्यांनी डोळे मिटले. पट्टीच्या कडेवरून माझी बोटं खाली वळलेली आहेत. त्यातल्या अंगठ्याला खालून काहीतरी लागलं. गार, ओलं, मऊ. दाबलं आणि सोडलं.

"एक," हे म्हणाले.

मग पहिलं बोट. "दोन."

त्यांचे हात चादरीवरच आहेत.

"तीन. चार."

करंगळी. "पाच."

मी श्वास सोडला. संपलं, म्हटलं. माझ्या हाताला पाच बोटं आहेत. जन्मापासून पाच.

"सहा," हे म्हणाले.

तेही मला लागलं.